बेटांवरची चवथ आणि शाळेत परतणारी माती : पार्श्वभूमी

बेटावर आलेली वस्तू एक तर तिथेच जिरते, नाहीतर फेरीबोटीवर चढून परत जाते. गोव्यातल्या दिवाडी बेटाला तर आजही तिसरी वाट नाही. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आणि इतर सणांच्या दिवसांत दिवाडी, चोडण, जुवें, कुंभारजुवे या बेटांवर येणारा माल पूर्वी जिरणारा होता, आता बराचसा न जिरणारा आहे. पुनर्वापराची सध्याची खटपट या बदलातून सुरू झाली.

जुन्या व्यवस्थेबद्दल थोडक्यातच सांगता येईल. गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या माटोळीला लागणारं सगळं रानातलं आणि परसातलं असायचं. उतरवल्यावर खाण्याजोगं घरात जायचं, उरलेलं माडाच्या आळ्यात. फेणीची बाटली धुऊन पुन्हा भरली जायची. खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांचे, बांध आणि पाणी आतबाहेर सोडणाऱ्या मानशी गावकरी ही ग्रामसंस्था राखायची, पुढे तिचंच पोर्तुगीज रूप असलेली कोमुनिदाद. १९६४च्या कूळ कायद्यानंतर ते काम हळूहळू कुळांच्या संघटनांकडे आलं.

मानशीचा कचऱ्याशी थेट संबंध आहे. तिची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. फटीत प्लास्टिकची एक बाटली किंवा थर्माकोलचा तुकडा अडकला, की दार बोटभर उघडं राहतं आणि भरतीचं खारं पाणी शेतात शिरत राहतं. चवथीच्या सुमारास भात पोटरीवर आलेलं असतं. खाजनातलं कोरगुट हे भाताचं वाण खारं सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहे. म्हणून बेटांवर विसर्जन हा शेतीचाही विषय आहे. शहरासाठी आखलेल्या मोहिमांना हे सहसा दिसत नाही.

कायदे एकामागून एक आले. अविघटनशील कचऱ्याचा राज्य कायदा १९९६चा आहे. २०१६मध्ये साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. विसर्जनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०१०मध्ये आली, २०२०मध्ये सुधारली गेली. १ जुलै २०२२पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. बेटांना ही शेवटची बंदी सर्वांत उपयोगाची ठरावी, कारण एक घनमीटर थर्माकोलचं वजन जेमतेम १० ते २० किलो भरतं. टेम्पो काठोकाठ भरून फेरीवर चढवला तरी पलीकडे पोचते ती मुख्यतः हवा.

खरा वाद झाला तो मूर्तीवरून. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) नको यावर फारसं दुमत नव्हतं. त्याच्या जागी काय, यावर होतं. एका बाजूने कागदाच्या लगद्याचा आग्रह धरला गेला: रद्दी वापरात येते, मूर्ती हलकी होते, होडीतून न्यायला सोपी, फुटत नाही. दुसरी बाजू चिकणमातीवर ठाम राहिली. लगद्याच्या बाजूचा मुद्दा कागदावर बिनतोड वाटतो, बेटावर मात्र तो टिकत नाही. हलकी मूर्ती लगेच बुडत नाही. ओहोटीने गेलेली भरतीने परत येते आणि खारफुटीच्या मुळांत अडकते. लगदा कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. आणि लगद्यात डिंक, खडूची पूड मिसळलेली असल्याने त्या मूर्तीतून पुढच्या वर्षीची मूर्ती घडवता येत नाही. रद्दी एकदा वापरली जाते आणि तिथेच तिचा प्रवास संपतो. माती मात्र दरवर्षी तीच वापरता येते, आणि गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, गावातच असेल तर तिला फेरीवर चढवायचीही गरज नाही.

ही माती परत घेण्याची रीत सोपी आहे, पण तीत चुकायला जागा बऱ्याच. हार, दूर्वा, वस्त्र, जानवं आणि आतल्या काड्या-तारा आधी काढायच्या. विसर्जन पिंपात आणि गोड्या पाण्यात करायचं. खाडीच्या पाण्यात विरघळलेल्या मातीत मीठ राहतं, वाळताना ते पांढरं फुलून वर येतं आणि पुढच्या वर्षी रंग सोलपटतो. मूर्ती पूर्ण वाळलेली असली तर पाण्यात लवकर विरघळते, ओलसर माती तशीच गोळा होऊन बसते. तैलरंग किंवा व्हार्निश असेल तर पाणी आत शिरत नाही. अशा वेळी बैठकीचा खालचा, न रंगवलेला भाग खरवडून वाट करून द्यावी लागते. रात्रभर भिजल्यावर ढवळून चाळणीतून गाळायची, तरंगणारे रंगाचे पापुद्रे काढायचे, दोन दिवस निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं. भाद्रपदात ऊन भरवशाचं नसतं, म्हणून गोणपाटावर पडवीत पसरायची. थोडा वास आला तरी बिघडत नाही, मुरलेली माती हाताला अधिक लवचीक लागते. शाळेत ती नव्या मातीत निम्मी-निम्मी मळली की काम भागतं.

सगळं बिघडवणारी गोष्ट एकच: पिंपात चुकून गेलेली पीओपीची मूर्ती. ती विरघळत नाही, तिचे खडे आणि पूड मातीत मिसळतात आणि पूर्ण पिंप वाया जातं. म्हणून पिंपाशी मूर्ती पारखणारा माणूस लागतो, आणि तो मूर्तिकारच असलेला बरा. पीओपीसाठी वेगळं पिंप ठेवून त्यात मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट घालता येतं. दोनेक दिवस अधूनमधून ढवळलं की खाली कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं. ते पाणी पातळ करून झाडांना चालतं.

भटजी आणि घरातली वडीलधारी माणसं पिंपाला राजी होतील का, हा प्रश्न बरीच वर्षं अडून होता. जिथे तोडगा निघाला तिथे तो रीतीतूनच निघाला: आरती आणि गाऱ्हाणं नदीकाठीच, विसर्जन काठावरच्या पिंपात, आणि पिंपातलं चमचाभर पाणी नदीला. पंचायतीच्या फलकाने झालं नसतं ते एवढ्याने झालं.

बाकीच्या सणांचं थोडक्यात. दिवाडीच्या बोंडेरां या उत्सवात बांबूच्या नळीतून छोटी फळं उडवण्याचा खेळ शून्य कचऱ्याचा आहे. कचरा होतो तो चित्ररथांचा. कुंभारजुव्याच्या सांगोडांवरचे, म्हणजे जोडून बांधलेल्या होड्यांवरचे, देखावे बांबू, कापड आणि झावळ्यांचे केले तर सांगाडा पुढच्या वर्षी वापरता येतो. दिवाळीत जाळायचा नरकासुराचा पुतळा पेंढा, गोणपाट आणि खळीने चिकटवलेल्या वर्तमानपत्रांचाच हवा. मुखवट्याचा प्रत्येक थर सुकल्यावरच पुढचा द्यावा, नाहीतर आत बुरशी धरते आणि जबडा लोंबतो. जाळल्यावर उरणाऱ्या तारा त्याच सकाळी उचलल्या नाहीत, तर दिवसभर लोकांच्या टायरांत घुसतात.

२०२४मध्ये राज्याने ठेव-परतावा योजना अधिसूचित केली: वेष्टनावर ठेव घ्यायची, रिकामं वेष्टन परत केलं की ती परत द्यायची. बेटांच्या दृष्टीने तिचं यश परतावा केंद्र कुठे असेल यावर ठरेल. चार बाटल्यांची ठेव मिळवायला कोणी फेरीने रायबंदर गाठणार नाही. केंद्र बेटावरच्या धक्क्यावर, नाहीतर सणाची वर्गणी गोळा करणाऱ्या वाड्यावरच्या मंडळाकडे हवं. जमलेली ठेव मंडळाच्या वर्गणीत वळती करायची मुभाही नियमांतच असायला हवी.