‘टू प्लस टू’ बैठकांची माहिती हवी आहे? सोलापुरातून केलेला अर्ज नेमका कुठे अडतो

भारत आणि अमेरिकेचे परराष्ट्र व संरक्षण मंत्री एकत्र बसतात, त्या ‘टू प्लस टू’ बैठका सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झाल्या. पुढे 2019 मध्ये जपानशी, 2021 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि रशियाशीही मंत्रिस्तरावर अशा बैठका झाल्या. आपल्याकडे राज्यशास्त्राचा लघुप्रबंध लिहिणारी मुलं या विषयावर माहिती अधिकारात अर्ज करतात आणि तो परत आला की नाद सोडून देतात. खरं तर अर्ज अडतो तो ठरलेल्या तीन-चार जागीच.

पात्रता सोपी आहे. अर्जदार भारतीय नागरिक हवा, बस. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. मंडळाच्या किंवा अभ्यासकेंद्राच्या लेटरहेडवर मात्र अर्ज करू नका. कायद्याने हा हक्क नागरिकाला दिला आहे, तेव्हा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने करा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दहा रुपयांवरून. आपल्याला सवय महाराष्ट्र शासनाच्या अर्जांची: जोडपत्र ‘अ’ भरायचं, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा. केंद्राच्या नियमांत कोर्ट फी स्टॅम्प बसत नाही. एका विद्यार्थिनीचा अर्ज दिल्लीहून परत आला तेव्हा मी तो पाहिला. प्रश्न नेटके, अक्षर सुरेख, कोपऱ्यात स्टॅम्प व्यवस्थित चिकटवलेला, आणि सोबत एका ओळीचं पत्र: शुल्क विहित पद्धतीने भरलेलं नाही. पोस्टल ऑर्डर पाठवा, असं त्याच पत्रात लिहायला काय हरकत होती? टपाल कार्यालयातून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर घ्या, ती ‘अकाउंट्स ऑफिसर’च्या नावे भरा आणि तिचा क्रमांक अर्जात लिहा. ऑनलाइन करणार असाल तर केंद्राचं पोर्टल वेगळं आणि राज्याचं वेगळं, हे आधी नीट पाहा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे, पण त्यासाठी तसा सरकारी दाखलाच जोडावा लागतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला त्याऐवजी चालत नाही.

केंद्राच्या अर्जाला ठरावीक नमुना नाही. शब्दमर्यादा साधारण 500. इथून मराठीत लिहिलेला अर्जही कायद्याला मान्य आहे.

आता प्रश्न कसे विचारायचे ते बघू. ‘अमेरिकेशी हा करार का केला?’, ‘चीनबद्दल बैठकीत काय ठरलं?’ असं विचारलंत तर नकार ठरलेलाच. ‘का’चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, नोंदीत असेल तेवढंच तो देतो. सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात हेच स्पष्ट केलं. शिवाय कलम 8(1)(अ) परराष्ट्र संबंध आणि सामरिक हिताला बाध येईल अशी माहिती रोखून धरतं, तर परदेशी सरकारकडून विश्वासाने मिळालेल्या माहितीसाठी वेगळा अपवाद आहे. म्हणून कागद मागा, तारखेसह मागा. उदाहरणार्थ: ‘27 ऑक्टोबर 2020 रोजी दिल्लीत झालेल्या तिसऱ्या भारत-अमेरिका टू प्लस टू बैठकीला उपस्थित भारतीय अधिकाऱ्यांची पदनामं, आयोजनाच्या खर्चाचा तपशील आणि संयुक्त निवेदनाची प्रत.’ (निवेदन परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडलं तर अर्जातली ती ओळ वाचेल.) शेवटी एक वाक्य जरूर लिहा: ‘काही भाग देता येत नसल्यास कलम 10 नुसार तो वगळून उरलेली माहिती द्यावी.’ अख्खी फाइल गोपनीय म्हणून बंद करणं या वाक्यामुळे अवघड होतं.

या बैठकांत दोन मंत्रालयं असतात. अर्ज चुकीच्या दारी गेला तर कलम 6(3) प्रमाणे त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. ‘आमच्याशी संबंधित नाही’ एवढंच लिहून परत करणं चूक आहे. तसं झालं तर गप्प बसू नका, अपील करा.

मुदतीचा गैरसमज तर फारच महाग पडतो. उत्तरासाठी 30 दिवस मिळतात, आणि टपाल कार्यालयातल्या सहायक माहिती अधिकाऱ्यामार्फत अर्ज दिला असेल तर 35. त्यात उत्तर आलं नाही की कायद्याने तो नकारच समजायचा, आणि त्या दिवसापासून पहिल्या अपिलाचे 30 दिवस सुरू होतात. इथेच मुलं ‘येईल उत्तर’ म्हणत महिनोन्‌महिने थांबतात आणि मुदत निघून जाते. उशिराचं सबळ कारण दिलं तर अपील घेता येतं, पण त्या भरवशावर राहू नका. पहिल्या अपिलाला शुल्क नाही. माहिती नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची असते, तुमची नाही. हे अपिलात ठामपणे लिहा.

दुसरं अपील 90 दिवसांत, केंद्रीय माहिती आयोगाकडे. त्यासाठी मूळ अर्ज, आलेलं उत्तर, पहिलं अपील, त्यावरचा आदेश आणि या सगळ्या कागदांची सूची जोडावी लागते. सूची राहून गेल्यामुळेही अपील परत येतं. आदेश आलाच नसेल तर तसं स्पष्ट लिहा. प्रतींवर सही करून त्या साक्षांकित करा, आणि पाठवलेल्या प्रत्येक टपालाची पावती पहिल्या दिवसापासून एकाच फाइलला लावत जा.