रजिस्टर लग्न की लग्न रजिस्टर?

"थाटमाट नको. घरातलीच चाळीस माणसं. साधं रजिस्टर लग्न करू आणि सगळे मिळून जेवायला जाऊ." पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्या घरांतून हे वाक्य अलीकडे वरचेवर कानावर येतं. मी लगेच विचारते, तारीख कधीची धरली आहे? "तीन आठवड्यांनंतरची" असं उत्तर आलं की कपाळाला हात लावते.

घोळ असा की लहान लग्न म्हणजेच रजिस्टर लग्न असं आपण धरून चालतो. त्यात कागदोपत्री दोन शब्द आहेत, नोंदणी विवाह आणि विवाह नोंदणी. शब्द तेच, क्रम उलटा. नोंदणी विवाहात अधिकाऱ्यासमोर जे घडतं तेच लग्न. विवाह नोंदणीत लग्न आधीच लागलेलं असतं, सरकार ते फक्त वहीत लिहून घेतं.

नोंदणी विवाह होतो विशेष विवाह कायदा, १९५४ खाली. 'कोर्ट मॅरेज' म्हणतात तेही हेच, पण कोर्टाचा काही संबंध नाही. हे काम विवाह अधिकाऱ्याचं. आधी नोटीस द्यायची. दोघांपैकी एक जण तरी त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग ३० दिवस राहत असला पाहिजे. नोटीस कार्यालयात लागते, त्यावर हरकत घ्यायला ३० दिवसांची मुदत असते आणि ती संपल्यावरच लग्न लागतं. मात्र नोटिशीपासून तीन महिन्यांत ते उरकलं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून तो कपाळाला हात. गंमत म्हणजे गाजावाजा नको म्हणून इथे आलेल्यांचीच नावं-पत्ते महिनाभर फळ्यावर झळकतात. घरच्यांचा विरोध असेल, तर ही गंमत राहत नाही.

प्रत्यक्ष लग्न पाच-दहा मिनिटांचं. तीन साक्षीदार, जाहीरनाम्यावर सह्या, आणि दोघांनी एकमेकांना उद्देशून, समजेल त्या भाषेत म्हणायचं एक वाक्य : मी तुझा कायदेशीर पत्नी, किंवा पती, म्हणून स्वीकार करतो वा करते. हे वाक्य सोडलं तर बाकी विधी काय करायचे, करायचे की नाही, ते कायदा तुमच्यावर सोडतो. जादा शुल्क भरून अधिकाऱ्याला वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या ठिकाणी बोलावायची सोयही कायद्यात आहे, ती फारशी कुणाला माहीत नसते. माझ्या एका मावसबहिणीच्या लग्नात सह्या झाल्या, अधिकारी "अभिनंदन" म्हणाले, आणि मामी पदरात अक्षता धरून तशाच बसलेल्या. "झालं? टाकू का आता?"

दुसरा रस्ता म्हणजे घरी विधिवत लग्न लावायचं आणि मग नोंदवायचं. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्येही हे छान होतं. सोफा बेडरूममध्ये ढकलायचा, होम बाल्कनीच्या दाराशी मांडायचा, अंतरपाट धरायला दोन काका. मंगलाष्टकं घरातल्याच कुणीतरी म्हणायची, सूर लागो न लागो. कार्यालयात शेवटच्या रांगेतून नवरा-नवरीचं फक्त डोकं दिसतं. इथे आजीला कन्यादानाच्या वेळी सुनेचा हात थरथरलेलाही दिसतो. छोट्या लग्नाची खरी ओढ मला यात वाटते, वाचलेल्या पैशांत नाही.

मात्र वेळ वाचवायच्या नादात विधींना कात्री लावताना सांभाळा. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार दोघांपैकी कुणाच्याही घरच्या रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण होतं. जेवण चाट झालं तरी चालेल, सप्तपदी नाही. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र आणलं तर? एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हेच आलं होतं. दोघंही वैमानिक, प्रमाणपत्र हातात, विधी मात्र झालेले नव्हते. या कायद्याखाली ते लग्नच नव्हे, असा निकाल लागला.

याउलट विधी झाले आणि नोंदणी राहिली, तर लग्न रद्द होत नाही. पण पासपोर्ट, व्हिसा, वारसा, कुठेतरी अडतंच. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार लग्नानंतर ९० दिवसांत नोंद करायची. पुढे दंड भरून होते. शहरात महापालिकेच्या कार्यालयात, गावात ग्रामपंचायतीत. इथेही तीन साक्षीदार लागतात, आणि अर्जावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही, जी त्याच दिवशी, दक्षिणा देतानाच घेऊन ठेवावी. नंतर गुरुजी सापडत नाहीत. आणखी एक अडचण खास छोट्या लग्नांची : पुरावा म्हणून लग्नपत्रिका मागतात, आणि आपण तर सगळ्यांना फोनवरूनच कळवलेलं असतं. मग प्रतिज्ञापत्र करत बसा. त्यापेक्षा दहा पत्रिका छापून घ्या.

मग कुठला रस्ता धरायचा? धर्म वेगळे असतील आणि कुणालाच धर्म बदलायचा नसेल, तर नोंदणी विवाहच. विधींवर मनापासून विश्वास नसेल तरीही तोच; उगाच आईसाठी म्हणून डोळे मिटून फेरे घेण्यात अर्थ नाही, असं माझं मत. दोघंही हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असतील तर १९५४ च्या कायद्याखाली लग्न केल्यामुळे वारसाहक्क बदलत नाही, ही तरतूद १९७६ पासून आहे. तरी "रजिस्टर लग्न केलंस तर घरातला वाटा जाईल" असं सांगणारे काका अजून भेटतात. पण आजी-आजोबा आहेत, विधींची हौस आहे, आणि नको आहे ती फक्त गर्दी, अशांनी घरीच लग्न लावावं आणि निवांत नोंदवावं.

पुष्कळजण दोन्ही करतात, मंगळवारी कार्यालयात सह्या आणि रविवारी घरी अक्षता. तसं केलं तर प्रमाणपत्रावर तारीख मंगळवारची येते, आणि कायद्याने लग्न त्याच दिवशी झालेलं असतं. माझ्या त्या मावसबहिणीकडे वाढदिवस दोन होतात. नवरा मंगळवारचा विसरतो, आणि मामी अजून तो धरतच नाहीत.