गाडी तापली की पेट्रोल अडलं?

कसारा घाट चढून आलं की घाटनदेवीला गाडी थांबवायची, देवीला हात जोडायचे, चहा घ्यायचा आणि मग नाशिकची वाट धरायची. 1988 च्या मे महिन्यात आमची फियाट तिथं थांबली ती थांबलीच. किल्ली फिरवली की स्टार्टर खणखणीत फिरायचा, इंजिन मात्र धरायचं नाही. शेजारच्या ट्रकचा क्लीनर, देवळापुढचा नारळवाला, मागच्या सीटवरचे आमचे काका, सगळ्यांचं निदान एकच: "गाडी तापली." काका तर पाण्याची कळशी घेऊनही आले, इंजिनावर ओतायला.

ती माझी पहिली गाडी. सातपूरच्या नोकरीत चार वर्षं पैसे साठवून तिसऱ्या मालकाकडून घेतलेली, 1979 चं मॉडेल, क्रीम रंग. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी. 1974 पासून गाडीचं नाव तेच होतं, पण आमच्याकडे कुणी पद्मिनी म्हटल्याचं आठवत नाही, सगळ्यांसाठी ती फियाटच. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा हँडल गियर, पुढं सलग सीट. त्या सीटवर आम्ही तिघं मित्र दाटीवाटीनं बसून गंगापूर धरणावर जायचो. अजूनही कुणी फियाट म्हटलं की मला आधी त्या सीटच्या रेक्झिनचा उन्हात तापलेला वास येतो.

तर त्या दिवशी गाडी तापलेली नव्हती. पेट्रोल अडलं होतं. या दोन गोष्टी बाहेरून अगदी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. दोन्ही उन्हाळ्यात होतात, दोन्ही घाटात होतात, दोन्हींत बॉनेट उघडलं की तोंडावर धग येते. त्या काळातल्या गाड्यांच्या आठवणी निघाल्या की "आमची गाडी घाटात तापायची" हे वाक्य हमखास येतं. माझी खात्री आहे की त्यातल्या निम्म्याअधिक गाड्या तापलेल्या नसायच्याच.

गाडी तापते म्हणजे पाणी आपलं काम करू शकत नाही. इंजिनाची उष्णता पाणी उचलतं, रेडिएटरमध्ये नेऊन टाकतं आणि गार होऊन परत येतं. फॅन बेल्ट सैल झाला, रेडिएटरमध्ये गाळ बसला, होज पाइप फुटला किंवा नुसतं पाणी कमी झालं, की हे चक्र बिघडतं. घाटात पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये इंजिन जोर लावत असतं आणि समोरून वारा कमी मिळतो, म्हणून दुखणं तिथं उघडं पडतं. काटा हळूहळू वर सरकतो, गाडीची ओढ कमी होते, मग पुढून शिट्टीसारखा आवाज आणि वाफ. कधीकधी चावी बंद केली तरी इंजिन दोन-चार गचके खातं.

पेट्रोल अडतं तेव्हा पाण्याचा काही दोष नसतो. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण. त्यातले सगळ्यांत हलके भाग 35-40 अंशांनाच उकळायला लागतात, म्हणजे नाशिकच्या मे महिन्यातल्या दुपारीच. फियाटची टाकी मागं डिकीत आणि पेट्रोल पंप पुढं इंजिनाच्या अंगालाच बसवलेला. इंजिनाच्या फिरण्यावर चालणारा हा पंप मागून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. नळीत आणि पंपात वाफ भरली की पंप नुसता धडपडत राहतो. वाफ दाबली जाते, पुढं ढकलली जात नाही. कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, वाटीतलं उरलंसुरलं पेट्रोल संपलं की गाडी आचके देते आणि बंद पडते. याला व्हेपर लॉक म्हणतात. आमचे मिस्त्री म्हणायचे, "पेट्रोलची वाफ धरली."

फरक ओळखायची सगळ्यांत पक्की खूण मला त्या मिस्त्रींनीच सांगितली. जुन्या आग्रा रोडवर त्यांचं लहानसं गॅरेज होतं. म्हणाले, "भाऊ, चालता चालता दम लागला तर पाणी बघा. थांबून चहा प्यालात आणि मग उठेना, तर पेट्रोल बघा." कारण साधं आहे. इंजिन चालू असतं तोवर पंखा फिरतो, पाणी फिरतं आणि नळीतून ताजं पेट्रोल येत राहतं. बंद केलं की हे सगळं थांबतं, पण लोखंडातली उष्णता कुठं जाणार? ती बॉनेटखाली कोंडते, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं पंप चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतो. घाटनदेवीला आमचं नेमकं तेच झालं होतं. ट्रकांच्या मागं रांगत घाट चढताना चालत्या गाडीतही वाफ धरते, पण चहानंतरचा प्रकार जास्त.

काकांच्या हातातली कळशी मी वेळेवर धरली, हे आठवलं की आजही बरं वाटतं. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. मी पिवळं फडकं भिजवून फक्त पंपावर गुंडाळलं. फडक्यातून वाफेचा बारीक फुस्स आवाज आला. दोनदा पुन्हा भिजवलं, पंपाखालची हाताची कळ दहा-बारा वेळा दाबली. आधी ती पोकळ लागत होती, मग एकदम बोटाला भार जाणवला. पेट्रोल आलं होतं. वीस मिनिटांत गाडी सुरू. काका नाशिकपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, फक्त विल्होळीला म्हणाले, "फडक्यानं?"

उलट चूक मी स्वतः केली, दोन वर्षांनी, नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना. डॅशबोर्डखाली मिस्त्रींनी टेंपरेचरचा वेगळा काटा लावून दिला होता. तो वर चढला आणि एका वळणावर अचानक खाली आला. मला हायसं वाटलं. गाडी आचके द्यायला लागली तेव्हा म्हटलं, काटा तर खाली आहे, म्हणजे पेट्रोलच अडलं असणार. थांबलो, पंपावर फडकं टाकलं, कळ दाबली. कळ पहिल्यापासून घट्ट लागत होती. पंपात पेट्रोल भरपूर आहे असं ती सांगत होती, मी ऐकलं नाही. पुन्हा गाडी रेटली. खरं तर खालचा होज फुटून सगळं पाणी वाहून गेलं होतं. काट्याचं टोक पाण्यात बुडालेलं असेल तरच काटा खरं बोलतो. पाणीच संपलं की ते टोक नुसत्या हवेत लोंबतं आणि काटा खाली येतो.

हेड गॅसकेट, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण (हेड) यांच्यामधलं पॅकिंग, उडालं. ऑइलची पट्टी काढून पाहिली तर ऑइल पाणी मिसळून दुधाळ चहासारखं झालेलं. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं, ते उष्णतेनं वाकतं. फेसिंग मारून, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करून, नवं गॅसकेट टाकून गाडी आठ दिवसांनी घरी आली. दीड पगार गेला, पण जास्त लागलं ते वेगळंच. तिनं सगळं सांगितलं होतं आणि मी चुकीच्या खुणेवर विश्वास ठेवला होता.

गाडी खरंच तापलेली असेल तर पाणी, फडकं काहीही लगेच वापरू नये. बाजूला घ्या, बंद करा आणि निदान अर्धा-पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आत दाब असल्यामुळं पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण निघालं की ते एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. एरवी इगतपुरीसारख्या 600 मीटर उंचीवर उघडं पाणी साधारण 98 अंशांनाच उकळतं, म्हणून तो दाबच कामाचा. त्या काळी तापणारी गाडी दिसली की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकायची पद्धत होती. मला ती कधी पटली नाही, कारण त्यानं थंडीत इंजिन वेळेवर गरम होत नाही आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

आता पेट्रोल अडणं जवळजवळ संपलंच. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या, गाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असतो. तो मागून दाबानं पेट्रोल ढकलतो आणि दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. तापणं मात्र अजून आहे, फक्त काट्याच्या जागी लाल दिवा आला.

फियाट मी 1999 मध्ये सिन्नरच्या एका तरुणाला विकली. त्याचीही ती पहिलीच गाडी. चावी देण्याआधी बॉनेट उघडलं, त्याचं बोट धरून पंपाच्या कळीवर ठेवलं आणि आधी पोकळ कशी लागते, मग भरल्यावर कशी लागते, ते त्याला दहा वेळा दाबून दाखवलं.