उपग्रह-छायाचित्रण (बेळगाव सीमाभाग)

रात्रीच्या आकाशातून जाणारे कृत्रिम उपग्रह आणि अंतराळयाने जमिनीवरून कॅमेऱ्यात टिपणे. खाली अंधार पडला आहे आणि वर उपग्रहावर अजून ऊन आहे, अशा वेळीच तो दिसतो. बेळगाव १६ उत्तर अक्षांशाच्या किंचित दक्षिणेला असल्याने खालच्या कक्षेतील उपग्रहांसाठी सूर्यास्तानंतरचे आणि सूर्योदयापूर्वीचे साधारण दोन-दोन तासच हाती लागतात. मध्यरात्री ते पृथ्वीच्या सावलीत असतात. त्याची भरपाईही मोठी आहे. १९९० पासून फिरणाऱ्या हबल दुर्बिणीची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांनी कललेली आहे. उत्तर युरोपात ती क्षितिजावरही येत नाही, इथे मात्र थेट डोक्यावरून जाऊ शकते.

नवशिक्याने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकापासून सुरुवात करावी. ट्रायपॉड, वाइड लेन्स आणि १० ते २० सेकंदांची लागोपाठ एक्स्पोजर एवढ्यावर त्याची रेघ उमटते. विमानाचे दिवे लुकलुकतात, त्यामुळे सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारे विमान फोटोत ठिपक्यांच्या माळेसारखे ओळखू येते. स्थानकाचा आकार टिपायचा तर दुर्बीण आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका शटर लागतो. चंद्रबिंब ते जेमतेम अर्ध्या सेकंदात ओलांडते, तेही जमिनीवरच्या काही किलोमीटर रुंद पट्ट्यातूनच दिसते. येळ्ळूरला साधलेला योग खानापूरला मिळेलच असे नाही.

भूस्थिर, म्हणजे पृथ्वीच्या गतीनेच फिरत असल्याने आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहांकडे या भागात फारसे कुणी वळत नाही, आणि खरी संधी तिथेच आहे. भारताच्या वापरातील ७४ अंश पूर्व ही जागा, जिथे एकेकाळी कल्पना-१ हा हवामान उपग्रह होता, जवळपास बेळगावच्याच रेखांशावर येते. कॅमेरा दक्षिणेला सुमारे ७१ अंश उंचीवर रोखून ठेवला की तारे रेघा होतात आणि ३६,००० किलोमीटरवरचे उपग्रह ठिपके राहतात. ते मंद असल्याने टेलिलेन्स हवी.

जांबोटी-कणकुंबीकडे आकाश काळेभोर मिळते, शहराचा उजेड ईशान्येला राहतो. भीमगड अभयारण्यात रात्री थांबण्यापूर्वी वनखात्याला विचारावे. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये स्थानकावर होते ते जून-जुलैत, म्हणजे इथल्या ऐन पावसाळ्यात.

प्रत्येक फोटोसोबत सेकंदापर्यंतची वेळ आणि जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत. त्यावरूनच रेघ कोणत्या उपग्रहाची हे नंतर ठरवता येते.