गेम जॅमची पूर्वतयारी

गेम जॅमची पूर्वतयारी : ठरावीक मुदतीत, बहुधा शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ अशा ४८ तासांत, ऐन वेळी जाहीर होणाऱ्या विषयावर संगणकीय खेळ तयार करण्याच्या मेळाव्याला गेम जॅम म्हणतात. त्यात उतरण्याआधी साधने, सहकारी, वेळ आणि सराव यांची जी बेगमी करावी लागते, तिचा विचार या नोंदीत केला आहे. उदाहरणे बडोद्यातील मराठी घरांतली आणि तिथल्या शिक्षणसंस्थांच्या परिसरातली आहेत. विषय आधी कळत नसल्यामुळे खेळाची कल्पना आधी तयार ठेवता येत नाही. ठेवलीच तर ती विषयावर ओढूनताणून बसवावी लागते आणि परीक्षकांच्या ते लगेच ध्यानात येते. बाकीचे जवळजवळ सगळे मात्र आधी उरकता येते. नवखे नेमके उलट करतात : कल्पनांची वही भरून नेतात, आणि खेळ अपलोड कसा करायचा याचा शोध रविवारी दुपारी सुरू करतात.

या प्रकाराची सुरुवात २००२ ची. त्या वर्षी मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ख्रिस हेकर, शॉन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडी गेम जॅम भरवला. तिथे जमलेल्या प्रोग्रामरांच्या हाती एकाच वेळी लाखभर आकृत्या पडद्यावर हलवू शकणारे इंजिन, म्हणजे खेळ ज्याच्यावर उभा राहतो ते मूळ सॉफ्टवेअर, आयतेच दिलेले होते. म्हणजे पूर्वतयारी या प्रकाराच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जेफ हाउलंड यांनी लुडम डेअर ही ऑनलाइन स्पर्धा सुरू केली. ग्लोबल गेम जॅम पहिल्यांदा झाला तो जानेवारी २००९ च्या अखेरीस, २३ देशांतील ५३ केंद्रांवर. ‘सर्जन सिम्युलेटर’ हा खेळ २०१३ च्या ग्लोबल गेम जॅममधून आला, तर शब्द ढकलून खेळाचे नियमच बदलायला लावणारा ‘बाबा इज यू’ हा आर्व्ही तेइकारी यांचा खेळ २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममधून. अशी नावे ऐकून पुष्कळ जण मोठ्या खेळाची स्वप्ने घेऊन येतात. वास्तविक या दोन्ही खेळांच्या जॅममधल्या आवृत्त्या लहान होत्या; विकण्याजोगे रूप त्यांना नंतर आले.

नियमांचे वाचन : तयारीचा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. प्रत्येक जॅमचे नियम वेगळे असतात. लुडम डेअरच्या ‘कॉम्पो’ विभागात एकट्याने, ४८ तासांत, चित्रे आणि आवाजांसह सर्व काही त्याच मुदतीत करावे लागते आणि सोर्स कोड, म्हणजे खेळाचा लिहिलेला मूळ कोडही द्यावा लागतो. ‘जॅम’ विभागात टीम चालते, ७२ तास मिळतात आणि बाहेरची तयार चित्रे वापरता येतात. सर्वसाधारण उपयोगाचा जुना कोड, उदाहरणार्थ मेनू किंवा आवाज कमीजास्त करण्याची सोय, बहुतेक ठिकाणी चालतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेली चित्रे कुठे चालतात, कुठे नाहीत, कुठे ती वापरल्याचे जाहीर करावे लागते. हे गृहीत न धरता त्या त्या वेळी पाहावे. वेळेचा हिशेबही आधीच लावावा. अमेरिकेतल्या शुक्रवार रात्री सुरू होणारी लुडम डेअर बडोद्यात शनिवारी सकाळी उजाडते. त्यामुळे मुदत सोमवारच्या, ‘जॅम’ विभागात मंगळवारच्या, सकाळपर्यंत जाते आणि कॉलेजचे किंवा नोकरीचे काय करायचे हे घरी आधी बोलून ठेवावे लागते.

टीम : तीन ते चार माणसे पुरतात. पाचवा माणूस आला की कामापेक्षा बोलणे वाढते. एक प्रोग्रामर, एक चित्रकार, एक आवाज-संगीत पाहणारा ही नेहमीची वाटणी, आणि तिच्यासाठी बडोद्यासारखे सोयीचे शहर क्वचितच सापडेल. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत १८८६ मध्ये इथे संगीतशाळा निघाली आणि १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर या दोन्ही परंपरा त्याच्या संगीत आणि तंत्रशिक्षणाच्या विद्याशाखांत चालत आल्या, आणि १९५० मध्ये ललित कला विद्याशाखेची भर पडली. कोड लिहिणारा, चित्र काढणारी आणि तबला वाजवणारा असे तिघेही एकाच विद्यापीठात भेटतात. अडचण एवढीच की ते एकमेकांना ओळखत नाहीत. तांत्रिक विद्याशाखेतल्या चार मित्रांनी मिळून केलेली टीम ही सर्रास दिसणारी चूक आहे. चौघेही कोड लिहितात आणि पडद्यावर शेवटपर्यंत करड्या चौकोनांशिवाय काही दिसत नाही. ओळख आधीच्या महिन्यात करून घ्यावी. शुक्रवारी संध्याकाळी अनोळखी माणसाबरोबर काम सुरू करता येते, पण त्याच्या फाइलींची नावे, त्याचा वेग आणि त्याची चिडचिड समजून घेण्यात शनिवार जातो.

चौथे काम कुणी मागून घेत नाही : नको ते काढून टाकण्याचे. लग्नघरात कोठीची किल्ली जशी एकाच जाणत्या माणसाकडे असते, तसा कोणती कल्पना आत घ्यायची आणि कोणती नाही हे ठरवण्याचा अधिकार एकाकडे द्यावा, आणि तो विषय जाहीर होण्याआधी द्यावा. नंतर दिला तर ज्याची कल्पना नाकारली तो रुसतो.

नियमरचनेचा सराव : खेळ म्हणजे मुळात नियम, आणि नियम कागदावर घडवता येतात. याचे बडोद्याला साजेसे उदाहरण खो-खोचे. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांची पहिली चौकट घातली. पुढे १९२४ च्या सुमारास बडोद्याच्या जिमखान्याने त्याचे नियम प्रसिद्ध केले. हुतूतूची अखिल भारतीय स्पर्धाही १९२३ मध्ये बडोद्यातच झाली. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी घरांत या इतिहासाचा अभिमान असतो, पण खेळ बनवणाऱ्याने त्याकडे अभिमानापेक्षा कारागिराच्या नजरेने पाहावे. खो-खोत पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण एका ओळीत, एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात. उठून धावणाऱ्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत सोडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र बसलेल्यांच्या मधून नागमोडी जाता येते. बाजू बदलायची तर खांबाला वळसा घालायचा, नाहीतर बसलेल्याला पाठीमागून खो द्यायचा. यातला दिशेचा एक नियम काढून पाहावा : उरते ती साधी पकडापकडी. खो-खोतली सगळी चुरस त्या एका बंधनातून येते.

सराव म्हणून टीमने एका संध्याकाळी कागदावर आठ चौकोन, दोन खांब आणि शर्टाची बटणे घेऊन बसावे. पाळीपाळीने एकेक नियम बदलावा आणि खेळून पाहावे. मग असा प्रश्न घ्यावा की हाच खेळ एका पडद्यावर, एका बोटाने खेळता यायचा असेल तर कोणता नियम ठेवाल? बहुधा उत्तर येते की धावणे संगणकाकडे सोपवावे आणि खेळणाऱ्याच्या हाती फक्त खो देण्याचा क्षण ठेवावा. वाघ-बकरी, सागरगोटे, लगोरी यांच्यावरही असे काम करता येते. चार-पाच संध्याकाळी ही सवय लागलेली टीम जॅमचा विषय कळल्यावर गोष्ट आणि पात्रे यांच्या मागे लागत नाही. खेळणारा नेमके काय करणार हे आधी ठरवते. कथेपासून सुरुवात केलेले बहुतेक खेळ पहिल्या संवादापाशीच मुदत संपून थांबतात, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे.

साधने : जे इंजिन आधीपासून येते तेच वापरावे. गोडो, युनिटी, गेममेकर, पिको-८ यांतले कोणते चांगले हा वाद जॅमच्या शनिवार-रविवारी निरर्थक असतो. गोडो हे मुक्त आणि फुकट इंजिन असून त्याचे मूळ डाउनलोड लहान आहे, मात्र खेळ निर्यात करण्यासाठी लागणारे साचे वेगळे उतरवावे लागतात आणि ते सुमारे एक जीबीचे आहेत. मोबाइलच्या डेटावर ऐन वेळी ते उतरवणे जिवावर येते. चित्रांसाठी क्रिता किंवा एसप्राइट, ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी पुरे. उडी, टक्कर, नाणे अशा छोट्या आवाजांसाठी एसएफएक्सआर नावाचे एक चिमुकले साधन आहे. ते २००७ मधल्या लुडम डेअरच्याच सहभागींसाठी तयार केले गेले होते. बाहेरची चित्रे-आवाज वापरायचे असतील तर एक मजकूर-फाइल उघडून प्रत्येक गोष्ट कुठून घेतली आणि तिचा परवाना काय, हे त्याच क्षणी टिपावे. शेवटी आठवून लिहू म्हणणाऱ्याला शेवटी काही आठवत नाही.

कोड एकत्र ठेवण्यासाठी गिट हे बदलांची नोंद ठेवणारे साधन लागतेच. दोघांनी एकाच वेळी एकच सीन, म्हणजे खेळातल्या एखाद्या दृश्याची फाइल, उघडून बदलला की दोन्ही आवृत्त्या जुळवताना तास जातो, म्हणून कोणाची कोणती फाइल हे ठरवून घ्यावे. गिटमधला कोड इंटरनेटवर ठेवण्याची जागा असलेले गिटहब शंभर एमबीहून मोठी फाइल घेत नाही. कच्चे ध्वनिमुद्रण म्हणूनच बाहेर ठेवावे.

खेळ शक्यतो ब्राउझरमध्ये चालेल असा द्यावा. अनोळखी माणसाची फाइल उतरवून चालवायला परीक्षक नाखूश असतात. यातले खाचखळगे ठरलेले आहेत. इच डॉट आयओ या खेळ अपलोड करण्याच्या संकेतस्थळावर द्यायच्या झिपमध्ये इंडेक्स डॉट एचटीएमएल ही फाइल आतल्या फोल्डरात न राहता वरच्याच पातळीवर असावी लागते. फाइलींच्या नावांतल्या कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला फरक विंडोजवर खपून जातो, सर्व्हरवर खपत नाही, आणि चित्र गायब होते. ब्राउझर पहिल्या क्लिकआधी आवाज वाजू देत नाही, म्हणून सुरुवातीला ‘खेळा’ असे एक बटण ठेवावेच.

देवनागरी मजकूर : मराठीत खेळ करू पाहणाऱ्याला इथे खास तयारी लागते, आणि इंग्रजीतल्या सल्ल्यांत तिचा उल्लेख नसतो. युनिटीतील टेक्स्टमेशप्रो या प्रचलित साधनात देवनागरीची जोडणी आपोआप होत नाही. ‘किल्ला’ लिहिले तर ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या मागाहून येते आणि ‘ल्ला’चा पाय मोडका दिसतो. गोडोच्या २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून जोडाक्षरे नीट उमटतात, पण ब्राउझरसाठी निर्यात केलेल्या खेळाला संगणकातले फॉन्ट मिळत नाहीत; घरच्या लॅपटॉपवर सुरेख दिसणारी पाटी अपलोड केल्यावर रिकाम्या चौकोनांची होते. उपाय म्हणजे मुक्ता, बलू किंवा नोटो सान्स देवनागरी यांपैकी एखादा खुल्या परवान्याचा फॉन्ट प्रकल्पातच घालून ठेवणे. ‘शक्ती, क्षत्रिय, किल्ला, ऱ्हास, कर्तृत्व’ एवढे शब्द असलेला एक पडदा तयार करून तो ब्राउझरमध्ये तपासला की बहुतेक चुका उघड होतात. वेळ नसेल तर अक्षरे चित्र म्हणून काढावीत. ललित कलेतला सहकारी असला तर ती फॉन्टपेक्षा देखणीही होतात.

रंगीत तालीम : जॅमच्या एक-दोन आठवडे आधी तीन तासांचा एक खोटा जॅम घ्यावा. चिठ्ठीवर विषय लिहून काढावा आणि एखादा अगदी साधा खेळ, साप किंवा विटा फोडण्याचा, करून पार अपलोडपर्यंत न्यावा. खेळ कसा झाला याला महत्त्व नाही. खाते, परवानग्या, झिप, पानावरचे चित्र या सगळ्यातून एकदा हात फिरला पाहिजे. या तालमीवरून खऱ्या जॅमचे वेळापत्रकही बांधता येते : शुक्रवारी झोपण्याआधी कुरूप पण खेळता येणारे काहीतरी, शनिवारी दुपारी तेच दुसऱ्याकडून खेळवून पाहणे, रविवारी दुपारनंतर नवीन काहीही न घालणे, आणि मुदतीच्या दोन तास आधी पहिले अपलोड. रात्रभर जागण्यात शौर्य मानणारे अजून आहेत. पहाटे चारला लिहिलेला कोड सकाळी दहाला बहुधा पुसावा लागतो.

घर आणि परिसर : जॅम केंद्रावर असेल तर एक्स्टेन्शन बोर्ड, हेडफोन आणि पांघरूण स्वतःचे न्यावे. ग्लोबल गेम जॅम जानेवारीच्या उत्तरार्धात येतो. त्याआधी १४ आणि १५ तारखांना उत्तरायण असते आणि ते दोन दिवस बडोद्यात कुणीही गच्चीवरून खाली उतरत नाही, तेव्हा तालीम त्या आठवड्यात ठेवू नये. नवरात्रात तर विषयच संपतो. गरबा मध्यरात्रीपर्यंत चालतो आणि टीममधले निम्मे तिकडेच असतात. गणपतीत ध्वनिमुद्रण करायचे असेल तर कपाटात कपड्यांच्या मध्ये मोबाइल धरून भल्या सकाळी करावे. घरून भाग घेणाऱ्याने आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवावे की दोन दिवस दार लावलेले असेल. आणि शनिवारी संध्याकाळी त्यांनाच बोलावून खेळ हातात द्यावा. कुठे दाबायचे हे आजोबांना न विचारता कळले, तर पडदा बरा जमला आहे. खाण्यात सेवउसळ टाळावी असा एक अनुभवी सल्ला आहे : रस्सा आणि कीबोर्ड यांचे जमत नाही.

जॅम संपल्यावरचे दिवसही तयारीतच मोजावेत. लुडम डेअरसारख्या स्पर्धेत त्यानंतर सुमारे तीन आठवडे सहभागीच एकमेकांचे खेळ खेळून गुण देतात, आणि क्रमवारीत येण्यासाठी निदान वीस जणांनी आपला खेळ तपासलेला असावा लागतो. दुसऱ्यांचे खेळ खेळून त्यांवर अभिप्राय देणाऱ्याकडे लोक वळतात, म्हणून त्या आठवड्यांतल्या काही संध्याकाळी मोकळ्या ठेवाव्या लागतात. मराठी मजकुराच्या खेळासोबत सूचनांचा इंग्रजी पडदाही आधीच करून ठेवावा, कारण गुण देणारे फिनलंडातलेही असतात.