हुशार मूल कुणाच्या नजरेला पडतं?

वर्गातलं सगळ्यांत हुशार मूल कोणतं, हे जाणून घ्यायचं तर आपण वर्गशिक्षकांनाच विचारू. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी १९२१ साली हेच केलं. कॅलिफोर्नियातल्या शाळांमधून अतिशय तल्लख मुलं शोधायची आणि ती मोठी झाल्यावरही त्यांचा माग ठेवायचा, असा त्यांचा प्रकल्प होता. प्रत्येक मुलाची चाचणी घेणं शक्य नव्हतं. म्हणून शिक्षकांनी आधी नावं सुचवायची आणि मग बुद्धिमापन चाचणी घ्यायची, असं ठरलं. शिक्षकांकडून आणखी एक नाव मागवलं होतं: वर्गात वयाने सगळ्यांत लहान कोण? निकाल हाती आल्यावर टर्मन यांनी नोंदवलं की, एकच मार्ग निवडायचा असेल तर शिक्षकांच्या मतापेक्षा हजेरीपटावरची जन्मतारीख बघावी. सगळ्यांत लहान मूल निवडलं तर नेम बरोबर लागण्याची शक्यता जास्त.

कारण सरळ आहे. स्वतःपेक्षा मोठ्या मुलांच्या बरोबरीने अभ्यास करणारं मूल शिक्षकांना ‘ठीक’ वाटतं. वयाने थोरलं, टापटीप वह्या ठेवणारं, न अडखळता उत्तर देणारं मूल मात्र ‘हुशार’ वाटतं. एकाच वेळी अख्खा वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला मुलाने काय करून दाखवलं हे दिसतं. ते किती झपाट्याने शिकतं आहे, हे दिसायला निराळी संधी लागते आणि नेहमीच्या तासाला ती मिळत नाही. मग जे निसटायचं ते निसटतं. गणितं दहा मिनिटांत संपवून खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलाला ‘लक्ष नसतं’ असा शेरा मिळतो. सारखं ‘पण का?’ विचारणारी मुलगी आगाऊ ठरते. शाळेची भाषा घरात बोलली जात नसेल, तर डोक्यात तयार असलेलं उत्तर ओठांवर येता येता विरतं. डिस्लेक्सिया असलेल्या तल्लख मुलाचं तर फारच अवघड होतं. त्याची बुद्धी वाचनातली अडचण झाकते, वाचनातली अडचण बुद्धी झाकते आणि प्रगतिपुस्तकावर ते ‘सर्वसाधारण’ म्हणून पुढे सरकत राहतं.

हे नुकसान किती मोठं असतं, ते फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीच्या सरकारी शाळांमध्ये दिसलं. तिथे प्रज्ञावान मुलांसाठी खास वर्ग होते, पण चाचणीपर्यंत पोहोचायला शिक्षकांची किंवा पालकांची शिफारस लागायची. २००५-०६ पासून शाळा प्रशासनाने दुसरीतल्या सगळ्याच मुलांना एक छोटी चाचणी द्यायला सुरुवात केली. त्यात ठरावीक गुणांच्या वर गेलेल्यांची पुढे मानसशास्त्रज्ञांकडून सविस्तर तपासणी व्हायची. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले. पात्रतेचा निकष तसूभरही सैल केलेला नव्हता, तरी निवड झालेल्या गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचं प्रमाण खूप वाढलं. मुली आणि इंग्रजी नव्याने शिकणारी मुलंही जुन्या पद्धतीत मागे राहिली होती, हे त्यातून कळलं. ही मुलं त्याच वर्गांत, त्याच बाकांवर बसलेली होती. त्यांचं नाव तेवढं कुणी घेतलं नव्हतं.

ही पहिली चाचणी शब्दांवर चालत नाही. नऊ चौकटींचा एक चौरस असतो, आठ चौकटींत आकृत्या आणि नववी रिकामी. आडव्या ओळीत आकृतीतले ठिपके एकेकाने वाढत असतात, उभ्या ओळीत तिची छटा गडद होत असते. मुलाने दोन्ही नियम एकत्र पकडायचे आणि खाली दिलेल्या पर्यायांतून रिकाम्या जागी बसणारी आकृती निवडायची. यात वाचन नाही, पाठांतर नाही, घरी कुठली भाषा बोलतात याने फारसं अडत नाही. सगळी बुद्धिमत्ता यात मावते असं मात्र कुणी समजू नये. भाषेची विलक्षण जाण असलेलं मूल अशा आकृत्यांत साधारणच ठरू शकतं.

कुठल्याही एका चाचणीवर मुलाचं भवितव्य टांगू नये, असं मला ठामपणे वाटतं. टर्मन यांच्या निवडीत दीड हजारांहून अधिक मुलं होती. त्यांतली बरीचशी पुढे यशस्वी झाली, पण नोबेल पारितोषिक एकालाही मिळालं नाही. ज्या दोन मुलांची चाचणी घेऊन गुण कमी पडले म्हणून वगळलं होतं, त्या विल्यम शॉकली यांना १९५६ मध्ये आणि लुइस अल्वारेझ यांना १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलाचे गुण दिवसागणिक थोडे वर-खाली होतातच. झोप कमी झाली, शेजारच्याने खोडी काढली, पहिलंच गणित चुकून धीर सुटला, एवढ्यानेही फरक पडतो. त्यामुळे १२९ आणि १३० या बुद्ध्यंकांमध्ये रेघ मारून अलीकडच्यांना घरी पाठवणं हे शास्त्र नव्हे. सगळ्यांची चाळणी, शिक्षकांचं मत, मुलाचं प्रत्यक्ष काम यांपैकी कुठलाही एक दरवाजा उघडला तरी मूल आत यावं. बऱ्याच ठिकाणी उलट होतं, मुलाला सगळे दरवाजे ओलांडावे लागतात, आणि तल्लख पण एकांगी मूल नेमकं त्यातच गळतं.

तुलना कुणाशी करायची, हाही प्रश्न आहे. सुखवस्तू वस्तीतल्या शाळेतलं मूल आणि घरात एकही पुस्तक नसलेलं मूल यांना एकाच यादीत लावलं, तर यादीचा वरचा भाग कुठल्या शाळांनी भरेल हे आधीच ठरलेलं असतं. म्हणून या क्षेत्रातले बरेच संशोधक म्हणतात की, प्रत्येक शाळेने आपल्याच मुलांतली सगळ्यांत पुढची मुलं निवडावीत. शेवटी आपल्या वर्गात बसून ज्याची भूक भागत नाही, त्या मुलाची सोय त्या शाळेलाच करायची असते.

आता चाचणीच्या उंचीविषयी. चार फुटांपर्यंतच आखलेल्या पट्टीवर मुलांची उंची मोजली, तर सव्वाचार फुटांचा मुलगा आणि पाच फुटांची मुलगी दोघंही ‘चार फूट’ भरतील. इयत्तेच्या परीक्षेत शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्यांचं हेच होतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये यावर सोपा उपाय काढला. वर्गात अव्वल असलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यांनी महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी असलेली ‘सॅट’ ही परीक्षा दिली. शाळेच्या परीक्षेत एका रांगेत दिसणारी मुलं इथे लांबवर पसरली. काही जेमतेम अंदाजाने उत्तरं देत होती, तर काहींना महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांहूनही अधिक गुण पडले. पुढे फील्ड्स पदक मिळवणारे गणितज्ञ टेरेन्स ताओ यांना आठव्या वर्षी या परीक्षेच्या गणिताच्या भागात ८०० पैकी ७६० गुण होते. स्टॅन्ली यांनी निवडलेल्या मुलांचा माग अनेक दशकं ठेवला गेला. त्यातून दिसलं की वरच्या एक टक्क्यातही मोठे फरक असतात आणि पुढे मिळवलेल्या डॉक्टरेट, पेटंट यांत ते उमटतात.

शोध घेऊन झाल्यावर करायचं काय? माझ्या मते खरी उणीव इथे आहे. ‘प्रज्ञावान’ असा शिक्का मारून मुलाला आठवड्यातून एक तास कोडी सोडवायला नेलं आणि उरलेला आठवडा त्याच जुन्या धड्यांत बसवलं, तर फारसं काही साधत नाही. जोसेफ रेन्झुली आणि सॅली रीस या शिक्षणतज्ज्ञांनी सुचवलेली पद्धत मला जास्त पटते. धडा सुरू करण्याआधीच त्या धड्याची परीक्षा घ्यायची. मुलाला आधीच येतं ते वगळायचं आणि वाचलेला वेळ अवघड, खोल कामाला द्यायचा. १९९३ च्या त्यांच्या अभ्यासात शिक्षकांनी अशा मुलांच्या अभ्यासक्रमाचा ४० ते ५० टक्के भाग गाळला, तरी त्यांचे गुण घसरले नाहीत. म्हणजे जवळपास अर्धं वर्ष ही मुलं येतं तेच पुन्हा करत होती! लवकर गणितं संपवणाऱ्याला तसलीच आणखी वीस गणितं देणं ही तर शिक्षाच झाली. मूल ती लवकर ओळखतं आणि मुद्दाम सावकाश काम करायला लागतं.

डबल प्रमोशनची पालकांना आणि शिक्षकांना फार धास्ती असते. मोठ्या मुलांत आपलं मूल एकटं पडेल, बुजेल, असं वाटतं. पण नीट पारखून पुढे नेलेली मुलं अभ्यासात चांगली टिकतात आणि त्यांचं मानसिक-सामाजिक नुकसान झाल्याचं सहसा आढळत नाही, असं कित्येक दशकांचं संशोधन सांगतं. अख्खी इयत्ताच ओलांडायला हवी असंही नाही. तिसरीतलं मूल गणिताच्या तासापुरतं पाचवीत जाऊन बसू शकतं, त्यासाठी दोन्ही वर्गांचा गणिताचा तास वेळापत्रकात एकाच वेळी लावावा लागतो, एवढंच.

‘हुशार मुलं काय, आपली आपण पुढे जातातच,’ हे वाक्य सरकारी शाळांच्या बैठकांत हमखास येतं आणि पैसा दुसरीकडे वळतो. श्रीमंत घरातल्या मुलांच्या बाबतीत ते बरंचसं खरं असेल, कारण शाळा कमी पडली तिथे घर भरून काढतं. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बारा लाख संशोधकांच्या, म्हणजे पेटंट मिळवणाऱ्यांच्या, नोंदी तपासल्या. उत्पन्नाच्या वरच्या एक टक्क्यातल्या घरांतली मुलं संशोधक होण्याची शक्यता उत्पन्नाच्या उतरंडीत खालच्या निम्म्या घरांतल्या मुलांच्या दहापट निघाली. तिसरीत गणितात अव्वल असलेली गरीब मुलंही श्रीमंत घरातल्या तितक्याच हुशार मुलांच्या फार मागे राहिली. आपली आपण पुढे न जाता आलेली ती हीच मुलं.

खर्चाचा भाग दोन टप्प्यांत येतो. सगळ्यांची छोटी चाचणी स्वस्तात होते, पण पुढची सविस्तर तपासणी मानसशास्त्रज्ञांचा वेळ खाते, आणि अंदाजपत्रकाला कात्री लागली की मग सगळा उपक्रमच अडतो. ब्रोवर्डमध्ये आर्थिक मंदीनंतर सगळ्यांची चाळणी थांबली, तेव्हा निवडल्या जाणाऱ्या गरीब मुलांचं प्रमाण पुन्हा घसरलं.