हंगामी कपात की कायमची? इन्व्हेस्टमेंट बँकांच्या बातम्या वाचताना

डिचोली, साखळी, फोंडा भागातली किती मुलं बेंगळुरू, पुणे, हैदराबादला परदेशी बँकांच्या कचेऱ्यांत कामाला आहेत, हे चवथीला गावात गेलं की कळतं. त्यामुळे न्यूयॉर्कच्या एखाद्या बँकेने हजारो माणसं काढली की इथल्या घरांतून लगेच फोन जातात. काळजी रास्तच आहे. पण नोकरकपात दोन प्रकारची असते, एक हंगामी आणि एक कायमची. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात: सकाळी ईमेल येतो, दुपारपर्यंत ओळखपत्राने दार उघडत नाही. त्यानंतर काय करायचं, ते मात्र दोन्हींत अगदी उलट असतं.

आधी एक खुलासा. आपली मुदतठेव असते ती बँक वेगळी. इन्व्हेस्टमेंट बँक कंपन्यांचे शेअर बाजारात आणते, एका कंपनीला दुसरी विकत घेऊन देते, रोखे आणि शेअर यांचे मोठे व्यवहार करते. तिची कमाई सौद्यांवर चालते, आणि सौदे काही दर वर्षी सारखे होत नाहीत.

पहिली कपात यातूनच येते. २०२१ मध्ये जगभरातल्या कंपन्यांच्या विलीनीकरणांचा आणि खरेदीचा आकडा पाच लाख कोटी डॉलरच्या पुढे गेला. बँकांनी धडाक्यात भरती केली. २०२२ मध्ये फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर झपाट्याने वाढवले, कर्ज महागलं, सौदे अडले, आयपीओ, म्हणजे कंपन्यांच्या शेअरची पहिली जाहीर विक्री, लांबणीवर पडले. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या गोल्डमन सॅक्स बँकेने सुमारे ३,२०० जणांना काढलं. यातल्या बहुतेकांचं काम जगातून नाहीसं झालं नव्हतं, फक्त गिऱ्हाईक थांबलं होतं. पुढच्या वर्षी सौदे पुन्हा हलू लागले.

दुसरी कपात समजायला गोव्यातल्या माणसाला लांब जावं लागत नाही. किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे खाण्यापिण्याचे तात्पुरते मांडव, पावसाळ्याआधी मोडतात आणि पाऊस सरला की परत उभे राहतात. लोहखनिजाच्या खाणींचं तसं झालं नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं. पुढे लिलावाने काही खाणी परत आल्या, पण जुन्या मापात नाही. ‘यंदा सुरू होतील’ या आशेवर ज्यांनी ट्रक दारात उभे ठेवले आणि हप्ते भरत राहिले, त्यांचं नुकसान सगळ्यांत मोठं झालं. बंद पडलेल्या धंद्याला त्यांनी हंगाम समजून वागवलं.

बँकांतही हेच घडलं आहे. २००८ च्या पडझडीनंतर बासेल ३ हे बँकांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम आले आणि रोख्यांच्या व्यवहारांसाठी बँकांना कितीतरी जास्त स्वतःचं भांडवल बाजूला ठेवावं लागू लागलं. त्या धंद्यातला नफाच उरेना. ऑक्टोबर २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या यूबीएस बँकेने रोख्यांच्या व्यवसायातून बव्हंशी माघार घेत १०,००० जागा कमी करण्याचं जाहीर केलं. जुलै २०१९ मध्ये जर्मनीच्या डॉइश बँकेने शेअरच्या खरेदी-विक्रीचा विभागच बंद करायला घेतला. त्या योजनेत १८,००० जागा होत्या.

यंत्रानेही तेच केलं. गोल्डमनच्या न्यूयॉर्क कचेरीत २००० साली मोठ्या गिऱ्हाइकांसाठी शेअर घेणारे-विकणारे ६०० ट्रेडर बसत. फोन घ्यायचा, भाव सांगायचा, सौदा पक्का करायचा. २०१७ पर्यंत तिथे दोघे उरले आणि बाकीचं काम संगणकाकडे गेलं. त्या १७ वर्षांत बाजार पडलाही आणि चढलाही. जागा मात्र परतल्या नाहीत.

मग ओळखायचं कसं? माझ्या मते सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे कपात होते तेव्हा बाजार मंदीत आहे की तेजीत. बाजार पडलेला असताना सगळ्या विभागांतून थोडी थोडी माणसं गेली, तर बहुधा हंगाम. बाजार चढता असताना, काही वर्षांचं वेळापत्रक लावून एखादा थर किंवा विभागच कमी होत असेल, तर ते काम त्या रूपात परत येणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या सिटी बँकसमूहाने २०२६ पर्यंत २०,००० जागा कमी करण्याचं सांगितलं, ते या दुसऱ्या जातीचं.

आपल्या मुलांच्या बाबतीत इथे एक पेच आहे, आणि तो बातम्यांत दिसत नाही. लंडन-न्यूयॉर्कच्या जागा कायमच्या गेल्या, त्यांतल्या कितीतरी पुण्या-बेंगळुरूला आल्या. म्हणजे तिकडच्या कपातीची प्रत्येक बातमी इकडे वाईट असतेच असं नाही. पण आता तेच काम आणखी पुढे, यंत्राकडे सरकतं आहे. गोल्डमनचे प्रमुख डेव्हिड सॉलोमन यांनी २०२५ मध्ये सांगितलं, की आयपीओच्या नोंदणीपत्राचा मसुदा करायला पूर्वी सहा जणांना दोन आठवडे लागत. आता त्यातलं ९५ टक्के काम एआय काही मिनिटांत करतं. त्याच सुमारास ब्लूमबर्ग इंटेलिजन्स या संशोधन संस्थेने पुढच्या तीन ते पाच वर्षांत जागतिक बँकांतल्या दोन लाखांपर्यंत जागा कमी होण्याचा अंदाज मांडला. सगळ्यांत जास्त धोका त्यांनी सांगितला तो बॅक ऑफिसला, म्हणजे नोंदी जुळवणं, हिशेब तपासणं, कागद पडताळणं. आपली पुष्कळ मुलं नेमकी तिथेच आहेत.

म्हणून सल्ला एकच देऊन भागत नाही. सौद्यांच्या टीममधून मंदीत बाहेर पडलेल्या मुलाने धीर धरावा, काही महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा, जुन्या वरिष्ठांशी संबंध टिकवावेत. भरती सुरू झाली की आधी ओळखीच्यांनाच फोन जातात. नोंदी जुळवणाऱ्या मुलीची जागा गेली असेल, तर तिने दुसऱ्या बँकेत तेच टेबल शोधू नये, कारण तिथेही ते उचललं जातं आहे. तिला त्या व्यवहारांतली खाचखळग्यांची माहिती आहे, ती जोखीम तपासणीत, नियमपालनात किंवा या यंत्रांचं काम पडताळण्यात उपयोगी पडते. तिकडे वळायचं शिक्षण नोकरी असतानाच घेतलेलं बरं. आणि साखळीच्या मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमधून किंवा झुआरीनगरच्या बिट्समधून मुलाखतीला जाणाऱ्यांनी पगाराच्या आधी हे विचारावं: या टीमचं काम गेल्या तीन वर्षांत वाढलं तेव्हा माणसंही वाढली का?